शरयूताईंचं गळकं भांडं

सिंगापूरला येऊन मला थोडेच दिवस झाले होते, आणि डोक्यावर कुणीतरी जातं फिरवत होतं.

आंग मो किओतल्या आमच्या त्या जुन्या ब्लॉकमध्ये दुपारी सगळं चिडीचूप असायचं. अशा वेळी वरच्या मजल्यावरून घरऽघर, घरऽघर असा आवाज यायचा. मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. दगडावर दगड. कराडकडे आमच्या घरी हा आवाज मी पाळण्यात असल्यापासून ऐकलेला, तो मला कसा चुकेल? आमचे हे म्हणाले, "इथं कोण जातं ठेवतंय? ड्रिलिंग चाललं असेल कुणाचं." हे इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत टेक्निशियन, त्यांना कुठलाही आवाज मशीनचाच वाटतो. मी मात्र ठरवूनच टाकलं, की वर आपल्याकडची कुणी बाई राहते आणि तिनं गावाकडून जातं आणलंय. थालीपिठाची भाजणी मी भाजून ठेवली होती, पण मिक्सरमध्ये ती मनासारखी होईना. शेवटी एका दुपारी डबा उचलला आणि जिन्यानं वर गेले. लिफ्टमध्ये कुणी इंग्रजीत काही विचारलं तर काय बोलायचं, या धास्तीनं मी तेव्हा लिफ्टच घेत नव्हते.

दार एका सत्तरीच्या बाईंनी उघडलं. बॉबकट केलेले पांढरे केस, अंगात जुना गाऊन, त्यावर प्लॅस्टिकचा एप्रन, आणि भुवयांपासून कोपरापर्यंत पीठच पीठ. माझी खात्री पटली. त्या मराठी आहेत की नाहीत हेही न विचारता मी म्हणाले, "ताई, दळताय ना? माझं एवढं शेवटी घालाल का?"

त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "मी दगड दळतेय. त्यात मिसळलं तर चालेल का तुला?"

ही माझी आणि शरयूताई देवस्थळींची पहिली भेट. भाजणी त्यांनी स्वतःच्या ग्राइंडरवर दळून दिली. ती होईपर्यंत मी बाहेरच्या खोलीत उभी होते. लोक जिथं टीव्ही ठेवतात तिथं एक बुटकं टेबल होतं. त्यावर ओल्या वाळूचं घमेलं, बांबूच्या लहानमोठ्या नळ्या, आणि जुन्या सुती साडीच्या चुंबळीवर बसवलेला नारळाएवढा हिरवट काळा दगड. त्या दगडाच्या मधोमध बांबूची नळी उभी करून, खाली ओली वाळू घालून, ताई ती नळी दोरीच्या धनुकलीनं गरागरा फिरवत. बांबू मऊ, पण वाळू दगड खाते. नळी पोकळ असल्यामुळे मध्ये दगडाचाच एक खांब उरतो. तो टिचकी मारून मोडायचा, की झालं भांडं पोकळ व्हायला सुरुवात.

"मशीन का नाही घेत?" मी विचारलं.

"घाई असेल तर प्लॅस्टिकचं घ्यावं," ताई म्हणाल्या. हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. पुढे ते मी इतक्या वेळा ऐकलं, की भाकरी थापतानासुद्धा आठवायचं.

ताई मूळच्या पुण्याच्या. इथं बँकेत ऑडिटमध्ये सारी नोकरी झाली, इथल्याच नागरिक झाल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. रिटायर झाल्यावर एका टूरबरोबर ग्रीसला गेल्या आणि क्रीट नावाच्या बेटावर एका म्युझियममध्ये काचेच्या एका कपाटापुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्या इतका वेळ उभ्या राहिल्या, की टूरची बस निघून गेली. गाइड धापा टाकत परत आला तेव्हा ताईंनी त्यालाच विचारलं म्हणे, "हे बिनामशीनचं केलंय? आणि तुम्ही मला इथून न्यायला आलात?"

त्या कपाटात होती मिनोअन लोकांची दगडी भांडी. हे नाव मला पाठ झालंय ते ताईंमुळे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्याही आधी त्या बेटावर राहणारी ही माणसं. ताई टॅबलेटवर एकेक भांडं मोठं करून दाखवत आणि मी तोंडाचा आ करून बघत बसे. एक वाटी होती, बाहेरून सगळीकडे फुलाच्या पाकळ्या, जणू उमललेली लिली कुणीतरी थांबवून दगड केली. दुसऱ्या एका भांड्यावर डोंगरावरचं देऊळ, आणि देवळाच्या छपरावर खुशाल बसलेल्या रानबकऱ्या. एकाचा नुसता वरचा अर्धा भाग उरलाय. त्यावर शेतातली माणसं खांद्यावर अवजारं घेऊन चाललीत, एकजण तोंड उघडून गातोय, गाताना त्याच्या बरगड्या फुगलेल्या दिसतात. आणि एकजण मान मागे वळवून मागच्याला काहीतरी ओरडतोय.

"काय ओरडत असेल?" ताईंनी मला विचारलं.

"पुढं बघून चाल की, असं," मी म्हणाले.

ताई खूश झाल्या. "म्युझियमच्या पाटीवर हे लिहायला हवं होतं."

दगडातली नैसर्गिक शीरसुद्धा ती माणसं वाया घालवत नसत. पांढरी शीर असेल तर भांड्याचा खांदा बरोबर तिथं आणायचा, म्हणजे माळ घातल्यासारखी दिसते. "दगडाला आधी विचारायचं, बाबा रे, तुला काय व्हायचंय. मग त्याला जे व्हायचंय त्यात आपलं घुसवायचं," ताई म्हणत. "पोरांच्या बाबतीतही हेच करायचं असतं, पण ते मला उशिरा कळलं. मिलिंदला तबला वाजवायचा होता. मी त्याचा बँकर केला."

मी आठवीत शाळा सोडलेली. आई आजारी, धाकटी भावंडं, सोडावीच लागली. ते इथल्या मराठी बायकांत मी कुणाला सांगत नसे. सगळ्या शिकलेल्या, बोलता बोलता इंग्रजीत जाणाऱ्या, मी नुसती हसून मान हलवायची. ताईंना मात्र मी दुसऱ्याच आठवड्यात सांगून टाकलं. म्हटलं, तुम्ही एवढं दाखवता, पण मला यातलं वाचता काही येणार नाही.

"मलाही येत नाही," ताई म्हणाल्या. "त्या लोकांची लिपी अजून जगात कुणालाच वाचता आलेली नाही. मोठमोठे प्रोफेसर डोकं धरून बसलेत."

"म्हणजे त्या भांड्यापुढं मी आणि प्रोफेसर सारखेच अडाणी?"

"अगदी सारखे. उलट तुझं बरं आहे. तुला सवय आहे."

हे बोलणं दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी आठवडाभर रडले असते. त्या दिवशी मात्र पोट धरून हसले. घरी जाताना लिफ्टनं गेले, ती पहिल्यांदा.

माझा स्वभाव घाबरट. यांच्या वर्क पासचं, म्हणजे इथं राहायच्या परवान्याचं, रिन्यूअल आलं, की मला जेवण जात नसे. परत पाठवलं तर? गावाकडे तोंड काय दाखवायचं? ताईंना ते माझ्या चेहऱ्यावर दिसायचं. कधी धीराच्या गोष्टी सांगितल्या नाहीत त्यांनी. माझ्या हातात धनुकली द्यायच्या. "फिरव. मन रिकामं राहिलं की भुतं पाळतं." मी फिरवत राहायची. वाळू करकरायची, पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं, आणि थोड्या वेळानं भूक लागायची. मग ताई फोडणीचा भात करायच्या. त्यात मीठ कधीच बरोबर नसायचं, आणि तो मी इथं खाल्लेला सगळ्यात चांगला भात.

त्यांचा दुसरा नियम होता, बघितल्याशिवाय कोरायचं नाही. गोगलगाय कोरायची तर आधी पुलाउ उबीन बेटावर बोटीनं जायचं आणि चिखलात उकिडवं बसून गोगलगाय बघायची. आजूबाजूनं लोक सायकली घेऊन जायचे, आणि ही म्हातारी एका गोगलगाईला म्हणायची, "चल की गं, दुपार झाली." त्या हिरव्या दगडावर ताईंना ऑक्टोपस कोरायचा होता. मिनोअन लोकांचा तो फार लाडका. त्याचे आठही हात भांडंभर असे पसरतात, की कुठं रिकामी जागा राहत नाही, आणि तरी गर्दी वाटत नाही. पण ऑक्टोपस बघायचा कुठं? ताई मला घेऊन मासळीबाजारात गेल्या. ताई पक्क्या शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. आणि त्या बर्फावर ठेवलेल्या ऑक्टोपसपुढं जाऊन बसल्या, तशा उठेचनात.

मासळीवाला चिनी म्हातारा वैतागला. "आंटी, बाय ऑर नॉट?"

"वेट लाह, अंकल. आय लुकिंग," ताई इथल्या थाटाच्या इंग्रजीत म्हणाल्या.

"लुकिंग फ्री. बट ही ऑल्सो वॉन्ट रेस्ट," तो ऑक्टोपसकडे बोट करून म्हणाला.

ताईंनी मग त्याला टॅबलेटवरचं दगडी भांडं दाखवलं. म्हातारा बघत राहिला. मग त्यानं स्वतःच्या हातांनी ऑक्टोपसचे हात एकेक करून बर्फावर पसरले, दोन टोकं वळवली आणि म्हणाला, "लाइक दिस. मोअर हॅन्सम."

एवढं झाल्यावर न घेता कसं यायचं? ताईंनी तो विकत घेतला. पिशवी हातात घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की घरात देव आहेत.

"वंदना, तुमच्यात चालतं ना गं?"

"आमच्यात बोकड चालतं, ताई. हे काय आहे तेच मला कळेना."

तर तो ऑक्टोपस माझ्या स्वयंपाकघरात परातीत ठेवला आणि ताई संध्याकाळपर्यंत त्याची चित्रं काढत बसल्या. वासामुळे तोंडाला धरायला पदर नाही, म्हणून माझी ओढणी बांधलेली. हे कामावरून आले, परातीत डोकावले आणि म्हणाले, "हा कोण पाहुणा?" शेवटी शेजारच्या मलाय मावशींना तो दिला. त्यांनी लाल तिखट मसाल्यात केला आणि वाडगाभर परत पाठवला. यांनी दोनदा घेऊन खाल्ला. ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, "माझ्या मॉडेलला खाल्लंत तुम्ही. कलाकारांचं असंच होतं."

ते भांडं म्हणजे ऱ्हायटन होतं. वरून तोंड आणि बुडाला बारीक भोक. देवाला काही अर्पण करायचं तर वरून ओतायचं, खालून धार पडते. मला ते समजावून सांगावं लागलं नाही. महादेवाच्या पिंडीवर आपण गळती टांगतो, तसलंच ते. "बघ," ताई म्हणाल्या, "कुठलं बेट आणि कुठलं कराड. पण देवापुढं गळकं भांडंच लागतं."

भांडं कोरायला घेतलं तेव्हाच ताईंच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला होता. आधी कपबशी वाजायची, मग सुई ओवता येईना. एकदा उकळता चहा मनगटावर सांडला. शहराच्या दुसऱ्या भागातून, पुंगोलहून, मिलिंद धावत आला. त्यांचा एकुलता एक मुलगा, स्वभावानं गरीब, आईसारखाच उंच.

"आई, आता पुरे. दिवाळी झाली की तू आमच्याकडे यायचंस. हा फ्लॅट भाड्यानं देऊ."

"आणि माझे दगड?"

"आई, इरा सहा वर्षांची आहे. घरात ती धूळ..."

ताईंनी वाद घातला नाही. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "त्याचं बरोबर आहे. हाच तर त्रास आहे. चुकत असता तर मी भांडले असते." मग त्या भांड्याकडे बघून म्हणाल्या, "दिवाळीच्या आत एवढं एक झालं पाहिजे. नंतर जागाही नाही आणि हातही नाही."

तेव्हापासून आम्ही दोघी त्या भांड्याच्या मागे लागलो. सामानाची बांधाबांध सुरू झाली तसं काम माझ्या घरी खाली आणलं. मी भांडं मांडीत घट्ट धरायची, ताई डाव्या हातानं उजवं मनगट दाबून कोरायच्या. मूडमध्ये असल्या की म्हणायच्या, "हात कुठं थरथरतोय? मोटर बसवून घेतलीय मी." ऑक्टोपसचे बहुतेक हात आधीच झाले होते, गोल, मऊ, शेवटाला वळलेले. राहिला होता शेवटचा. तो झाला, पण नागमोडी झाला, कडेला ओरखडे उमटले.

"कसा दिसतो? खरं सांग."

"वाकडा आहे, ताई."

"बाजारातल्याचा एक तरी सरळ होता का?" असं म्हणून त्यांनी तो घासायला घेतला.

बुडाचं भोक हे सगळ्यात नाजूक काम. त्या दगडातली एक पांढरी शीर बरोबर तिथूनच गेली होती, जोर पडला तर भांडं दुभंगायचं. ते भोक पाडायला ताईंनी कितीतरी दुपारी घालवल्या. ज्या दिवशी आरपार झालं, त्या दिवशी आम्ही भांडं धुऊन ओट्यावर पालथं न घालता तसंच उभं ठेवलं आणि शिरा खायला वर गेलो.

हे कामावरून आले. ओट्यावर पाणी ठिबकताना दिसलं. यांनी भांडं उचलून पाहिलं, बुडाला भोक. आता हा माणूस दिवसभर कंपनीतल्या मशीनची गळती बंद करण्याचंच काम करतो. शरयूताईंनी एवढी मेहनत केली आणि शेवटी भांडं गळकं निघालं, बिचाऱ्यांना कळायच्या आत आपण नीट करून ठेवावं, असा सद्भाव मनात आला. कपाटातून इपॉक्सी गोंदाच्या दोन नळ्या काढल्या, कालवलं, आणि भोक असं बुजवलं, की कंपनीनं बक्षीस द्यावं. वर पुन्हा पॉलिश पेपर मारला.

आम्ही खाली आलो तर हे हात पुसत म्हणाले, "ताई, काळजी करू नका. एक थेंब गळणार नाही आता."

मला वाटलं जमीन फाटावी. ताईंनी भांडं हातात घेतलं, बुडावरून बोट फिरवलं, आणि हसायला लागल्या. खुर्चीत बसून हसल्या, डोळे पुसून हसल्या. "सुभाषराव, बँकेत असतात तर डोक्यावर घेऊन नाचले असते तुम्हाला. गळती बंद करणारा माणूस आयुष्यभर शोधला मी, सापडला नाही. सापडला तो हा असा!"

यांना कळेना. मी सांगितलं तेव्हा यांचा चेहरा पार उतरला. ते "सॉरी ताई, सॉरी ताई" म्हणत बाथरूममध्ये गेले ते बाहेरच येईनात. हसू ओसरल्यावर ताई तशाच बसून राहिल्या, अंगठा त्या बुजलेल्या भोकावर ठेवून. मग हळूच म्हणाल्या, "पुन्हा नाही जमणार गं मला हे."

ताईंना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या माझ्यावरच्या उपकारांची फेड करायला मी काय केलं असतं देव जाणे, पण माझ्या हातात काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. म्हणाले, कंपनीत चुकून चिकटलेला पार्ट काढतात, तसा काढून बघतो. इपॉक्सी गरम झालं की मऊ पडतं. पण दगड एकदम तापला तर शिरेवर तडकेल. म्हणून पातेल्यात आधी कोमट पाणी, मग जरा गरम, मग आणखी जरा. माझ्याकडे पाणी ओतायचं काम. ताई स्टुलावर बसलेल्या, डोळे भांड्यावर. हे सुईसारख्या टोकाच्या एका हत्यारानं कोरत, थांबत, पुन्हा पाण्यात ठेवत.

"घाई असेल तर..." मी म्हणायला गेले.

"गप्प बस," ताई म्हणाल्या.

बराच वेळ काही होईना. मग मसुरीएवढा एक पिवळट कण यांच्या टोकाला लागून आला. पाठोपाठ दुसरा. यांनी भांडं उजेडाकडे धरलं. बुडातून ट्यूबलाइट दिसली. ताईंनी स्वतः उठून नळाखाली भांडं धरलं. वरून पाणी भरलं आणि खालून दोऱ्यासारखी सरळ धार सुरू झाली. ताईंचा हात थरथरत होता, म्हणून धारही जराशी हलत होती, आणि ऑक्टोपस पाण्यात ओला होऊन चकाकत होता. "गळतंय," त्या म्हणाल्या. "सुभाषराव, मस्त गळतंय!" यांनी एवढ्या जोरात श्वास सोडला, की आम्ही दोघी दचकलो.

दिवाळी झाली आणि ताई पुंगोलला गेल्या. दगड, वाळू, बांबू सगळं वाटून टाकलं. नेलं ते फक्त भांडं, तेही टॅक्सीत मांडीवर घेऊन. पुढे मिलिंदला बँकेनं युरोपात पाठवलं आणि सगळे निघून गेले. फोनवर बोलणं होतं अजून. पण ताईंना पाहिलं ते शेवटचं, सगळे जाण्याआधी एका रविवारी.

आम्ही निरोप द्यायला पुंगोलला गेलो होतो. मला वाटलं भांडं काचेच्या कपाटात असेल, त्याला दिवा लावलेला असेल. पण ताई आम्हाला खाली पाण्याकाठच्या बागेत घेऊन गेल्या, आणि भांडं त्यांच्या नातीच्या, इराच्या हातात होतं. ती नळावर ते भरायची, बुडाला बोट लावून दोन्ही हातांनी छातीशी धरायची आणि झाडाकडे पळत सुटायची. झाडाशी पोचेपर्यंत पाणी टिकवायचं, असा खेळ.

"आजी, लीक होतंय लाह!"

"ताई, पडेल ना ते!" माझा जीव वरखाली.

"पडलं तर म्युझियमवाले जोडतील," ताई बाकावर आरामात बसून म्हणाल्या. "त्यांच्याकडची तरी कुठली धड आहेत?"

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा आम्ही एलआरटी ट्रेनच्या स्टेशनकडे निघालो. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवलेला हात हलत होता, केस विस्कटले माझे. थोडं पुढे जाऊन मी वळून पाहिलं. इरा भांडं घेऊन पळत होती, तिच्या मागे फरशीवर पाण्याची बारीक वाकडी रेघ उमटत चालली होती, आणि ताई बाकावरून उठून, थरथरत्या हातांनी टाळ्या वाजवत, सगळ्या बागेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडत होत्या, "बोट काढ गं! बोट काढ, सांडू दे!"